निव्वळ धावगती आणि गैरहजर तिसरा

दोन समान हक्कदार आणि जागा मात्र एकच, अशी वेळ आली की निवाडा कसा करावा, हा प्रश्न मनुष्यसमाजाइतकाच जुना आहे. त्याची उत्तरेही पूर्वापार ठरलेली आहेत. चिठ्ठ्या टाकून निर्णय दैवावर सोपवावा, हा एक मार्ग. त्या दोघांनाच समोरासमोर उभे करून जो सरस ठरेल त्याला कौल द्यावा, हा दुसरा. आणि दोघांनी आजवर जे जे केले त्या सर्वांचा ताळेबंद मांडून ज्याची शिल्लक अधिक त्याला जागा द्यावी, हा तिसरा. क्रिकेटच्या साखळी स्पर्धांनी मुख्यतः हा तिसरा मार्ग पत्करला आहे. त्या ताळेबंदाला ‘नेट रन रेट’ अथवा निव्वळ धावगती असे म्हणतात.

विश्वचषकाचे दिवस आले की हा शब्द घरोघरी ऐकू येतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कागद-पेन्सिल घेऊन, आपल्या संघाने अमुक षटकांत तमुक धावा केल्या तर काय होईल, याची चर्चा करू लागतात. तरीही हा हिशेब म्हणजे कोणीतरी यंत्रावर करून दिलेले गूढ गणित आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः प्राथमिक शाळेतल्या भागाकार-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही. जे खरोखर अवघड आहे ते निराळेच. दोन संघ मैदानावर खेळत असतात आणि त्यांच्या खेळाच्या गतीवर तिसऱ्याच कोणाचे भवितव्य अवलंबून असते. तो तिसरा त्या दिवशी मैदानावर नसतो. त्याला चेंडू टाकता येत नाही की फळी उचलता येत नाही. या गैरहजर तिसऱ्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी हिशेबाची रीत समजून घेणे इष्ट ठरेल.

संघाने संपूर्ण साखळीत काढलेल्या धावांना त्याने खेळलेल्या षटकांनी भागावे. ही झाली जमेची बाजू. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्याविरुद्ध काढलेल्या धावांना त्याने टाकलेल्या षटकांनी भागावे. ही झाली खर्चाची बाजू. जमेतून खर्च वजा जाता जे उरते ती निव्वळ धावगती. जुन्या पेढीवरच्या कारकुनालाही ही रीत परकी वाटली नसती. मात्र तिच्यात तीन खुब्या आहेत आणि त्या तिन्ही विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली खुबी साधी आहे. षटक सहा चेंडूंचे असते, म्हणून १३.४ षटके म्हणजे तेरा षटके आणि चार चेंडू. भागाकार करताना ती १३.६७ धरावी लागतात. दुसरी खुबी अधिक महत्त्वाची. एखादा संघ सर्वबाद झाला, तर त्याने प्रत्यक्ष किती षटके खेळली हे न पाहता त्याच्या वाट्याची पूर्ण षटके हिशेबात धरली जातात. ३१ मे २०१९ रोजी नॉटिंगहॅम येथे विश्वचषकाच्या सामन्यात पाकिस्तानचा डाव वेस्ट इंडीजपुढे २१.४ षटकांत १०५ धावांत आटोपला. वेस्ट इंडीजने १३.४ षटकांत ३ गडी गमावून १०८ धावा केल्या. पाकिस्तानच्या १०५ धावांना ५० ने भागले गेले आणि गती आली २.१०. वेस्ट इंडीजच्या १०८ धावांना १३.६७ ने भागले गेले आणि गती आली ७.९०. वजाबाकी केली असता त्या एका सामन्यापुरती पाकिस्तानची निव्वळ धावगती उणे ५.८० एवढी झाली. सर्वबाद होणाऱ्याला अशी कठोर वागणूक देण्यामागे कारण आहे. तसे नसते, तर धडाधड फटके मारून वीस षटकांत बाद होणारा संघ पन्नास षटके चिवटपणे लढणाऱ्या संघापेक्षा हिशेबात सरस ठरला असता. गमावलेली संधी ही वापरलेल्या संधीइतकीच मोजली पाहिजे, असे हा नियम म्हणतो. गणिताच्या पोटात दडलेली ही एक नैतिक भूमिकाच आहे.

तिसरी खुबी बेरजेची. प्रत्येक सामन्याची धावगती काढून त्यांची सरासरी घेत नाहीत. साऱ्या धावा एकत्र, सारी षटके एकत्र, आणि मग एकच भागाकार. समजा, एका संघाने पहिल्या सामन्यात ५० षटकांत ३०० धावा केल्या आणि प्रतिस्पर्ध्याला ५० षटकांत २५० देऊ केल्या, अधिक १.००. दुसऱ्या सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्याला १०० धावांत सर्वबाद केले आणि १० षटकांत १०१ धावा करून तो जिंकला, अधिक ८.१०. या दोहोंची सरासरी ४.५५ येते. परंतु खरा हिशेब असा: ४०१ धावा भागिले ६० षटके, त्यातून ३५० धावा भागिले १०० षटके वजा, म्हणजे अधिक ३.१८. एका दिवसाचा पराक्रम साऱ्या स्पर्धेवर बेसुमार पसरू नये, याची ही तजवीज होय. शितावरून भाताची परीक्षा आपण घरी करतो. येथे मात्र सारे पातेले तोलले जाते. याखेरीज, पावसाने निकालाविना राहिलेला सामना हिशेबात येत नाही. आणि पावसामुळे लक्ष्य बदलून दिले गेले, तर प्रथम खेळलेल्या संघाच्या खात्यावर त्या नव्या लक्ष्याहून एक धाव कमी धरली जाते.

आता या मोजमापाला काय दिसते आणि काय दिसत नाही, ते पाहू. त्याला वेग दिसतो. विजयी संघाचे किती गडी शिल्लक होते, हे त्याला दिसत नाही. नऊ गडी गमावून तीस षटकांत गाठलेले लक्ष्य, एकही गडी न गमावता चाळीस षटकांत गाठलेल्या त्याच लक्ष्यापेक्षा त्याच्या लेखी श्रेष्ठ असते. खेळपट्टी फलंदाजाला अनुकूल होती की गोलंदाजाला, प्रतिस्पर्धी बलाढ्य होता की नवखा, हेही त्याला ठाऊक नसते. कोण कोणाला हरवून आला, हेही ते विचारत नाही. २०१९ च्या त्याच विश्वचषकात साखळीअखेर न्यूझीलंड आणि पाकिस्तान या दोघांचे ११ गुण झाले. दोघांनी प्रत्येकी पाच सामने जिंकले होते आणि बर्मिंगहॅमच्या सामन्यात पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलेही होते. परंतु न्यूझीलंडची निव्वळ धावगती अधिक ०.१७५ आणि पाकिस्तानची उणे ०.४३० होती. न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला. तेथे त्याने भारताला नमवले, हे आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. पाकिस्तानची अखेरच्या सामन्यातली अवस्था तर करुण होती. बांगलादेशाविरुद्ध ३१५ धावा केल्यानंतर त्यांना प्रतिस्पर्ध्याला सात धावांत गुंडाळणे भाग होते. आठवी धाव निघाली आणि सामना पुरता उरलेला असतानाच स्पर्धा संपली. पुढे तो सामना त्यांनी ९४ धावांनी जिंकला. तो विजय केवळ नोंदीपुरता राहिला.

मग जो समोरासमोर जिंकला त्यालाच जागा का देऊ नये? ऐकताना हे अगदी न्याय्य वाटते. परंतु १९९९ च्या विश्वचषकातील ‘ब’ गट पाहा. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवले, वेस्ट इंडीजने न्यूझीलंडला हरवले आणि ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला हरवले. तिघांचेही सहा-सहा गुण. प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा सरस आणि तिसऱ्यापेक्षा कमी! समोरासमोरचा न्याय येथे चक्राकार फिरत राहतो आणि कोठेच थांबत नाही. ताळेबंद मात्र कोठे ना कोठे थांबतो. त्याची मुख्य पुण्याई दुसरीही आहे: तो स्पर्धेपूर्वी सर्वांना सांगितलेला असतो आणि सर्वांना सारखा लागू असतो. तो परिपूर्ण नाही. पण निर्णय हवा असताना सर्वांनी आधी मान्य केलेला अपुरा निकष हा मागाहून शोधलेल्या सोयीच्या निकषापेक्षा केव्हाही बरा.

एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या क्रिकेटमध्ये हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण त्या खेळात काळाला इतके मोल नव्हते. मार्च १९४५ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि होळकर हे संघ निकाल लागेपर्यंत खेळले. मुंबईने दुसऱ्या डावात ७६४ धावा केल्या, आणि होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढूनही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. दोन वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, बडोद्यास होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. इंदूर-बडोद्याच्या ज्या जुन्या घरांतून त्या खेळींच्या कथा सांगितल्या गेल्या, तेथे ‘किती षटकांत?’ असे कोणी विचारले नसेल. षटकांची मर्यादा आली, साखळी आली, समान गुणांचे पेच आले, आणि त्यांच्यामागून वेग हे मूल्य म्हणून खेळात शिरले.

सुनील गावसकरांनी हे स्थित्यंतर आपल्याच फळीवर दाखवून दिले आहे. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर, पहिल्या विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, इंग्लंडच्या ३३४ धावांपुढे ते साठ षटके खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ वर राहिले. पुढे ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला तेच गावसकर न्यूझीलंडविरुद्ध खेळावयास उतरले. चेतन शर्माने विश्वचषकातील पहिली त्रिक्रमी कामगिरी करून न्यूझीलंडला ९ बाद २२१ वर रोखले होते. भारताला नुसते जिंकायचे नव्हते. ऑस्ट्रेलियाला मागे टाकून गटात पहिले यायचे, तर ४२.२ षटकांच्या आत लक्ष्य गाठायचे होते. त्या काळी निव्वळ धावगती नव्हती. केवळ आपण काढलेल्या धावांची गती पाहिली जाई. पहिल्या क्रमांकाला उपांत्य सामना घरच्या मैदानावर, मुंबईत, मिळणार होता. दुसऱ्याला लाहोरला जावे लागणार होते. अंगात ताप असताना गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय कारकिर्दीतले त्यांचे ते एकमेव शतक. श्रीकांतने ५८ चेंडूंत ७५ केल्या आणि भारताने ३२.१ षटकांतच १ बाद २२४ अशी मजल मारली.

या सामन्यातही तिसरा होता: ऑस्ट्रेलिया. भारताच्या वेगामुळे त्याचे स्थान खाली गेले. परंतु त्याने तक्रार करावी असे तेथे काहीच घडले नाही. भारताने अधिक चांगले खेळून त्याला मागे टाकले. मोजमापाकडे डोळा ठेवून खेळणे म्हणजे खेळाशी प्रतारणा करणे, असे जे कोणी म्हणतील त्यांना नागपूरचा सामना हे उत्तर आहे. निकषाने येथे खेळाडूकडून त्याच्या नेहमीच्या स्वभावापलीकडचा उत्तम खेळ काढून घेतला.

त्याच स्पर्धेतली आणखी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. ९ ऑक्टोबर १९८७ रोजी मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात डीन जोन्सच्या एका फटक्याला चौकार दिला गेला होता. तो षटकार होता, असे ऑस्ट्रेलियाचे म्हणणे पडले. डाव संपल्यावर कपिल देवने ती दुरुस्ती मान्य केली आणि २६८ चे २७० झाले. भारताचा डाव २६९ वर संपला. एका धावेने पराभव. साखळीअखेर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचे प्रत्येकी २० गुण झाले, आणि नागपूरला घड्याळाशी शर्यत लावण्याची पाळी आली ती त्या एका पराभवामुळे. जे खरे ते मान्य करण्याची किंमत भारताने धावगतीच्या चलनात चुकती केली, असे म्हणता येईल.

आता याच्या उलट टोकाचे दोन दाखले पाहू. मे १९७९ मध्ये इंग्लंडमधील बेन्सन अँड हेजेस चषक स्पर्धेत सॉमरसेटचा अखेरचा गटसामना वूस्टरशायरशी होता. गुण समान झाले तर गोलंदाजांनी किती चेंडूंमागे एक गडी बाद केला, यावर निवाडा होणार होता आणि त्या बाबतीत सॉमरसेट पुढे होता. मोठा पराभव झाला तरच ती आघाडी धोक्यात येणार होती. कर्णधार ब्रायन रोझने एकच षटक खेळून, नो-बॉलच्या एका धावेवर, डाव घोषित केला. वूस्टरशायरने दहा चेंडूंत दोन धावा करून सामना जिंकला. नियमपुस्तकात याविरुद्ध एक अक्षर नव्हते. तरीही पुढल्याच आठवड्यात इंग्लिश क्रिकेट मंडळाने १७ विरुद्ध १ मतांनी सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकले. ज्या संघात रिचर्ड्स, बोथम आणि गार्नर होते त्याला आपल्या खेळावर विसंबता आले नाही, हे नवलच. त्याच वर्षी त्याने जिलेट चषक आणि रविवारची साखळी स्पर्धा खेळून जिंकली.

दुसरा दाखला अधिक अवघड आहे. ३० मे १९९९ रोजी मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११० धावांत बाद केले. त्या स्पर्धेत पुढच्या फेरीत जाणाऱ्या संघाला, सोबत वर आलेल्या संघांविरुद्ध मिळवलेलेच गुण बरोबर नेता येत. ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडून हरला होता. म्हणून न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडीज वर येणे त्याच्या सोयीचे होते. वेस्ट इंडीजची धावगती फार घसरू नये, यासाठी स्टीव्ह वॉ आणि मायकेल बेव्हन यांनी लक्ष्य मुद्दाम रेंगाळत गाठले. १११ धावांसाठी ४०.४ षटके लागली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडने स्कॉटलंडला १२१ धावांत बाद करून अठरा षटकांच्या आत सामना जिंकला आणि तो स्वतःच्या बळावर वर गेला. ऑस्ट्रेलियाची युक्ती फुकट गेली आणि पुढच्या फेरीत तो शून्य गुणांनिशी उतरला. तरी विश्वचषक अखेर त्यानेच जिंकला. तोही उपांत्य सामना बरोबरीत सुटल्यावर, आधीच्या तक्त्यात दक्षिण आफ्रिकेच्या वर असल्याच्या आधारावर अंतिम फेरीत जाऊन.

वॉ यांची बाजू दुर्बल नाही. त्यांनी आपला हेतू लपवला नाही. ते हरले नाहीत. सामना त्यांनी जिंकलाच. गुण बरोबर नेण्याचा विचित्र नियम त्यांनी केला नव्हता. आपल्या संघाला चषक मिळवून देणे हा कर्णधाराचा स्वधर्म, आणि त्याने नियमांत राहून तो पाळला, असे कोणी म्हणाले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर असे की, कर्णधाराचा स्वधर्म खेळामुळे निर्माण होतो. म्हणून तो खेळालाच पोकळ करणारा असू शकत नाही. साखळी स्पर्धा हा सर्व संघांमधला एक न लिहिलेला करार असतो. माझ्या गुणांना मोल येते ते इतरांनीही आपले गुण खऱ्या खेळाने मिळवले आहेत, या विश्वासावर. मी ज्याच्याशी आज खेळत नाही तो दुसऱ्या मैदानावर मनापासून खेळतो आहे, असे मी धरून चालतो. तसेच तोही माझ्याविषयी धरून चालतो. तेव्हा गैरहजर तिसऱ्याशी प्रामाणिक राहणे हे त्याच्यावर केलेले औदार्य नव्हे. ज्या पायावर माझा स्वतःचा विजय उभा राहणार आहे, तो पायाच त्या प्रामाणिकपणाचा असतो. नागपूरला भारताने तिसऱ्याला मागे टाकले ते खेळात भर घालून. वूस्टरला आणि मँचेस्टरला तिसऱ्याला मागे ठेवण्याचा प्रयत्न झाला तो खेळ आखडता घेऊन. भेद आहे तो इथे.

हेतू उघडपणे सांगितला म्हणजे दोष निघून जातो, हेही खरे नाही. उघडपणाने लबाडी टळते. अन्याय टळेलच असे नाही. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील हिहोन येथे फुटबॉलच्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाविरुद्ध दहाव्या मिनिटाला गोल केला. १-० या निकालाने दोघेही पुढे जात होते आणि आदल्या दिवशी आपला सामना संपवून बसलेला अल्जीरिया बाहेर पडत होता. उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. साऱ्या जगासमोर, भर उन्हात घडलेली ही गोष्ट होती. त्यानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम झाला, तो तिसऱ्याला निदान अंधारात तरी ठेवू नये म्हणून.

मग कसोटी कोणती लावावी? मला सुचते ती अशी: ज्याला याची झळ बसणार आहे त्याच्या जागी मी असतो, तर ही कृती खेळाचा भाग म्हणून मी मनातून मान्य केली असती का? थकलेल्या गोलंदाजाला महत्त्वाच्या नसलेल्या सामन्यात विश्रांती दिली, तर तिसरा कुरकुरेल. पण आपणही तेच केले असते, हे त्याला पटेल. कठीण खेळपट्टीवर बेताने खेळून सामना जिंकला, तर त्याचे काहीच म्हणणे असणार नाही. मात्र तुझे दार बंद व्हावे म्हणून मी हाती असलेल्या धावा घेतल्या नाहीत, असे त्याला सांगितले, तर तो ते मान्य करील असे वाटत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या आचारसंहितेनेही निव्वळ धावगतीत अनुचित फेरफार करण्यासाठी सामना हाताळणे हा अपराध मानला असून त्याची जबाबदारी कर्णधारावर टाकली आहे. पण धीमेपणा सावधगिरीचा की कपटाचा, हे बाहेरून कसे ओळखावे? धावफलकावर दोन्ही सारखेच दिसतात. जेथे कायद्याची नजर पोचत नाही, तेथील पहारा मनालाच करावा लागतो.

निकष लावणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहेच. ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरला आशिया चषकात श्रीलंकेच्या २९१ धावांपुढे अफगाणिस्तानला पुढच्या फेरीसाठी ३७.१ षटकांत २९२ धावा हव्या होत्या. ३७ षटकांअखेर २८९ झाल्या. पुढच्या चेंडूवर मुजीब बाद झाला. सारे संपले, असे समजून अखेरच्या फलंदाजाने चेंडू नुसते अडवले आणि तोही बाद झाला. वस्तुतः ३७.४ षटकांत २९५ धावा झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढे गेला असता. म्हणजे एक षटकार पुरेसा होता, आणि दुसऱ्या टोकाला रशीद खान उभा होता. हा दुसरा हिशेब आपल्याला कळवला गेला नव्हता, असे संघाच्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर सांगितले. ज्याच्या आधारे एखाद्याला नाकारायचे तो निकष त्याला पुरतेपणी समजेल अशा रीतीने सांगणे, हे न्यायाचे पहिले अंग आहे. संघाने गणित जाणून घ्यावयास हवे होते, हे खरे. आणि ज्यांच्या हाती तक्ता असतो त्यांनी ते पोचवावयास हवे होते, हेही तितकेच खरे.

हा गैरहजर तिसरा केवळ क्रीडांगणावरच भेटतो असे नाही. गावाकडच्या घराची वाटणी होताना इंदूर-ग्वाल्हेरला गेलेला भाऊ बैठकीस नसतो. नेमणुकीच्या समितीत दोन सभासद परस्परांच्या सोयीने गुण देतात, तेव्हा बाहेर बाकावर बसलेला उमेदवार तेथे नसतो. समोरच्याशी आपण सहसा नीट वागतो. तो पाहत असतो, बोलू शकतो, वेळ आली तर भांडूही शकतो. जो पाहत नाही आणि बोलू शकत नाही, त्याच्या बाबतीत आपण कसे वागतो, यावरून आपल्या न्यायबुद्धीचा कस लागतो. पिढ्यान्पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना, गैरहजर माणसाचा वाटा म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

दैव आणि हिशेब यांची गंमत पाहा. नागपूरला मिळवलेला हक्क घेऊन भारत मुंबईला आला आणि ५ नोव्हेंबर १९८७ रोजी इंग्लंडकडून ३५ धावांनी हरला. लाहोरला जावे लागलेल्या ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला हरवून पुढे कोलकात्यात चषक उचलला. २०१९ मध्ये निव्वळ धावगतीने उपांत्य फेरीत नेलेल्या न्यूझीलंडचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, जादा षटकही बरोबरीत सुटले आणि चौकार-षटकारांच्या २६ विरुद्ध १७ अशा मोजणीने चषक इंग्लंडकडे गेला. एका हिशेबाने दिले ते दुसऱ्या हिशेबाने नेले. कर्णधार केन विल्यमसनने नियमाला दोष दिला नाही. तो आधीपासून सर्वांना ठाऊक होता, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नियम बदलण्यात आला.

म्हणून निव्वळ धावगतीकडून आपण योग्यतेचा दाखला मागू नये. जागा एकच असताना ती कोणाला द्यावी, एवढेच ती सांगते आणि तेवढेच सांगण्यासाठी ती नेमलेली आहे. वजाबाकीनंतर उरणारा आकडा आपल्या हाती पूर्णपणे कधीच नसतो. त्यात पाऊस असतो, नाणेफेक असते, दुसऱ्याचा खेळ असतो. धावा खऱ्या असाव्यात, एवढे मात्र आपल्या हाती असते. आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या मैदानावर बसून आपल्या धावफलकाकडे डोळे लावणारा तो तिसरा आपल्याकडून तेवढ्याचीच अपेक्षा करीत असतो.